कायद्याच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य लोकसेवा सक्तीची असावी का?

प्रश्न:
वकिलीची सनद मिळण्यापूर्वी गरजू पक्षकारांसाठी ठरावीक तास विनामूल्य काम करण्याची अट योग्य आहे का? सक्तीमुळे विद्यार्थी केवळ तास भरतील आणि त्याची झळ पक्षकाराला बसेल, अशी मला भीती वाटते.

पहिले उत्तर:
आपली भीती रास्त आहे. मात्र नियम कसा आखला जातो यावर बरेच अवलंबून असते. न्यूयॉर्क राज्याने २०१२ साली जाहीर केलेल्या नियमानुसार सनदेसाठी अर्ज करण्यापूर्वी ५० तासांचे काम करावे लागते. ते कायद्याशी संबंधितच असावे लागते, त्यामुळे निव्वळ श्रमदान त्यात धरले जात नाही, आणि त्यावर प्राध्यापक, वकील किंवा न्यायाधीश यांची देखरेख आवश्यक असते. माझ्या मते या नियमाचा खरा कणा देखरेख हाच आहे, कारण घर रिकामे करण्याची नोटीस हातात घेऊन आलेल्या माणसाला अर्धवट सल्ला परवडत नाही.

दुसरे उत्तर:
वरील मताशी सहमत आहे, तरीही नोकरी करून शिकणाऱ्यांचा विचार व्हायलाच हवा. महाविद्यालयाच्या विधी-साहाय्य केंद्रात श्रेयांकासह केलेले काम ग्राह्य धरल्यास त्यांच्यावरील भार हलका होतो. न्यूयॉर्कमध्ये तशी मुभा आहे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. विद्यार्थ्याचे सत्र संपल्यावर अपूर्ण प्रकरण कोणाकडे जाते, हेही नियमातच स्पष्ट असावे, असे मला आता वाटते.