मदत हवी आहे: लेस्टरच्या भाड्याच्या घराचा ईपीसी (ऊर्जा-कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) ‘एफ’ श्रेणीचा, ‘ई’पर्यंत कसा न्यावा?

प्रश्न
टेरेस्ड घर, १९०० च्या आसपासचं. नऊ इंची भरीव विटांच्या भिंती, माळ्यावर ७५ मिमी मिनरल वूल, गॅस बॉयलर, गरम पाण्याच्या सिलिंडरवर पातळ जॅकेट. टायमर आहे, रूम थर्मोस्टॅट नाही. २०१६ च्या प्रमाणपत्रात ३६ गुण. शिफारशींत वरच ‘भिंतींना आतून इन्सुलेशन’ आहे, ते घरमालकासाठीच्या ३,५०० पौंडांच्या कायदेशीर खर्चमर्यादेत बसत नाही. सुरुवात कुठून करावी?

विटकर
भिंतींना आत्ता हात लावू नका. ‘ई’ ३९ गुणांना सुरू होतो, म्हणजे तुम्हाला तीनच गुण कमी पडताहेत.

शिफारशींपुढचे गुण चढत्या बेरजेचे असतात. रूम थर्मोस्टॅटपुढे छापलेला आकडा भिंतींचं काम आधीच झालंय असं धरून काढलेला असतो. भिंती वगळल्या की तो आकडा तुमच्या कामाचा नाही. म्हणून खर्च करण्याआधी असेसरला (घर पाहून प्रमाणपत्र देणाऱ्याला) सांगा: माळा, जॅकेट आणि हीटिंगचे कंट्रोल (थर्मोस्टॅट वगैरे) एवढंच धरून गुण काढून द्या. शिवाय जून २०२५ पासून गणिताची पद्धतच बदलली (आरडीसॅप १०). नव्या पाहणीत सुरुवात ३६ लाच होईल असं धरून चालू नका. प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची, तीही तपासा.

माळ्यावरचा
माळ्याचं काम असं करा. जुनं वूल कोरडं असेल तर राहू द्या. त्यावर २०० मिमीचा रोल तुळयांना आडवा अंथरा, म्हणजे २७० च्या पुढे जाल. दाबून बसवू नका, दबलेलं वूल ऊब धरत नाही. वळचणीला ५० मिमी फट मोकळी ठेवा. तिथे वूल कोंबलं की हवा अडते आणि हिवाळ्यात छताखालच्या फेल्टवर थेंब जमून वासे ओले होतात. थंड पाण्याच्या टाकीखाली वूल घालू नका, खालून येणारी ऊब तिला गोठण्यापासून वाचवते. बाजू आणि वरची बाजू मात्र झाका. डाऊनलाइट (छतात बसवलेले दिवे) आणि शॉवरची जाड केबल वूलखाली गाडू नका, तापतात. माळ्याच्या झाकणालाही इन्सुलेशन आणि कडेने पट्टी लावा.

सिलिंडरला ८० मिमी जॅकेट. इमर्शनचं (पाणी तापवणाऱ्या विजेच्या कॉइलचं) झाकण आणि थर्मोस्टॅट उघडे राहू द्या. सिलिंडरचा थर्मोस्टॅट तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर, ६० अंशांवर. रेडिएटरना टीआरव्ही (तापमानानुसार आपोआप उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) बसवा, पण रूम थर्मोस्टॅट ज्या खोलीत असेल तिथला सोडून; नाहीतर दोघं एकमेकांशी भांडतात.

प्रश्नकर्ता
मागच्या खोलीत भिंतीला ओल आहे. आतून बोर्ड लावले तर थांबेल का?

विटकर
नाही, वाढेल. बोर्डामागची वीट आणखी थंड पडते, खोलीतली दमट हवा फटीतून तिथे पोचली की पाणी धरते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. आधी ओलीचं मूळ शोधा: गळकी पन्हाळ, विटांच्या सांध्यांतून झडलेला चुना, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर. फरशीखालच्या हवेच्या जाळ्या बुजल्या असतील तर मोकळ्या करा. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालतो ना, तेही बघा. भाडेकरूंना त्याच हवेत झोपायचंय.

कागदपत्रवाला
१ एप्रिल २०२० पासून इंग्लंड-वेल्समध्ये ‘एफ’ किंवा ‘जी’ घर, सवलत (नियमातून सूट) नोंदवल्याशिवाय, भाड्याने ठेवता येत नाही; दंड घरामागे ५,००० पौंडांपर्यंत. ३,५०० पौंडांची खर्चमर्यादा व्हॅट धरून. तेवढी कामं करूनही ‘ई’ गाठला नाही तर बिलं जोडून सवलत नोंदवा, ती पाच वर्षं चालते. घर विकलं तर नव्या मालकाला ती मिळत नाही.

असेसर दिसलं किंवा कागदावर असलं तेच धरतो. वूलमध्ये उभी मोजपट्टी दिसेल असा फोटो काढा आणि ठेकेदाराच्या बिलावर घराचा पूर्ण पत्ता व जाडी मिमीमध्ये लिहून घ्या. काम झाल्यावर जुनं प्रमाणपत्र आपोआप बदलत नाही. नवं काढावंच लागतं.