विषय: आईबाबांसाठी झाडू-पोछावाला रोबो घ्यावा का?

प्रेषक: मीनल, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
प्रश्न घरगुती आहे पण या मेलच्या यादीवर इंदूरचे आणि बाहेरचे दोन्हीकडचे लोक आहेत म्हणून इथेच विचारते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला वाकू नको म्हणून सांगितलंय आणि ती ऐकत नाही, बाई सुट्टीवर गेली की ही झाडू घेऊन सुरू. दादा आणि मी मिळून राजेंद्रनगरच्या घरी झाडू-पोछा करणारा रोबो पाठवायचं म्हणतोय. कॅमेरावालं मॉडेल बघितलंय, अ‍ॅपवरून कुठूनही घरात फिरवता येतो, समोरचं दिसतं, बोलता पण येतं. म्हणजे त्यांनी फोन उचलला नाही तरी इथून बघता येईल की सगळं ठीक आहे ना, बाबा पडले-बिडले तर नाहीत ना. दुकानवाला म्हणतो आमचा माणूस येऊन सगळं लावून देईल, अकाउंट दादाच्या नावाने करू. कोणाकडे आहे का असा? आईला सरप्राइज द्यायचंय, तेव्हा तिला बोलू नका प्लीज.

प्रेषक: सुधीरकाका, लोकमान्यनगर

मीनल बेटा,
आमच्याकडे आहे, मुलाने टोरांटोहून ऑर्डर करून दिला. कामाचा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. सोफ्याखाली, दिवाणाखाली, जिथे बाईचा झाडू जन्मात पोचला नाही तिथे हा जातो. आणि ज्या घरात सेव सांडत नाही असं इंदुरात एक घर दाखव मला. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय ते सडकेवरचं, सोफ्याखाली कोणी सर्वेक्षण केलं नव्हतं म्हणून निभावलं.

अडचणी पण ऐक. उंबरठा दोनेक सेंटीमीटरच्या वर असला की अडतो, आणि आपल्या जुन्या घरांत खोलीगणिक उंबरठा. काळ्या कडप्प्यावर पाय ठेवत नाही, म्हणजे चाक. तो खाली प्रकाश सोडतो आणि परत आला तर जमीन आहे असं धरतो, काळा दगड प्रकाश गिळून टाकतो म्हणून त्याला वाटतं पुढे जिना आहे. सतरंजीच्या झालरी खातो. देवघरासमोरची रांगोळी पुसून गेला तेव्हा घरात जे झालं ते लिहीत नाही, आता अ‍ॅपमध्ये तिथे लाल चौकट आखलीय, तिकडे फिरकत नाही. लाईट गेली की राउटर जातो मग अ‍ॅप चालत नाही, पण वरचं बटण दाबलं की काम करतो.

एक गोष्ट मात्र आहे. अकाउंट मुलाकडे. त्याला तिकडे दुपारी आठवण येते की बाबांकडे झाडू व्हायचाय, इकडे आम्ही झोपलेले आणि हॉलमध्ये घर्रर्र सुरू. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर खालून आवाज, "बाबा, अजून जागेच?" पोरगा काळजीनेच बोलला, त्यात वाद नाही, पण मी बनियनवर होतो भिया, आणि मला काही ते बरं वाटलं नाही. त्याला अजून बोललो नाहीये, वाईट वाटेल म्हणून.

प्रेषक: निखिल, म्युनिक

मीनल, काका,
माझं कामच असल्या गॅजेटची सिक्युरिटी तपासायचं आहे त्यामुळे मेल लांब होणार, आधीच सांगतो.

पहिलं म्हणजे तू न्यू जर्सीत बटण दाबतेस ते सरळ राजेंद्रनगरला पोचत नाही. रोबो दिवसरात्र कंपनीच्या सर्व्हरला चिकटलेला असतो, तुझा फोन पण त्याच सर्व्हरशी बोलतो, आणि ही खरंच मीनल आहे, हिला कॅमेरा दाखवा, हे तो सर्व्हर ठरवतो. म्हणून तर राउटरमध्ये काही न करता जगात कुठूनही चालतं. सोय इथेच आहे आणि भानगड पण इथेच.

मे २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीच्या डीबॉट एक्स२ या झाडू-रोबोंमध्ये हॅकर शिरले होते. मिनेसोटात एका वकिलाच्या घरी रोबो त्याच्या बायकोमुलांदेखत वंशद्वेषी शिव्या द्यायला लागला, लॉस एंजेलिसमध्ये एका घरी कुत्र्याच्या मागे धावला. कंपनी म्हणाली की दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून लोक आत आले, म्हणजे सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायची आपली सवय. मग कॅमेऱ्याला वेगळा चार आकडी पिन होता त्याचं काय? तर तो पिन बरोबर आहे की नाही ते फोनमधलं अ‍ॅपच बघायचं, सर्व्हर विचारायचाच नाही, त्यामुळे अ‍ॅपला बगल दिली की पिन असून नसल्यासारखा, आणि दोन संशोधकांनी हे डिसेंबर २०२३ मध्येच सगळ्यांसमोर दाखवलं होतं. त्याच दोघांनी ऑगस्ट २०२४ ला लास व्हेगसच्या डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनात आणखी एक दाखवलं, याच कंपनीचे काही रोबो ब्लूटूथवरून साधारण १३० मीटर लांबून ताब्यात घेता येतात. १३० मीटर म्हणजे माणूस घरासमोर सुद्धा नको, गल्लीच्या तोंडाशी चहा पीत उभा राहिला तरी पुरे. एकदा आत गेला की वायफायचा पासवर्ड, खोल्यांचा नकाशा, कॅमेरा, माइक सगळं त्याचं. काही मॉडेल "कॅमेरा चालू आहे" असं मधून मधून बोलतात, ती आवाजाची फाइल पण बदलता येत होती.

पण मीनल, खरं सांगू, मला हॅकरपेक्षा दुसरं प्रकरण जास्त खटकतं, त्यात कोणी काही फोडलंच नव्हतं. २०२० मध्ये आयरोबोट कंपनीच्या रूम्बा जे७ या झाडू-रोबोच्या चाचणीच्या मशीनने घरांत घेतलेले फोटो, त्यात टॉयलेटवर बसलेल्या एका बाईचा सुद्धा, फेसबुकच्या ग्रुपांवर फिरले. ही खुर्ची, ही वायर, हा माणूस अशा चौकटी आखून मशीनला शिकवावं लागतं, ते काम कंपनीने स्केल एआय या दुसऱ्या कंपनीला दिलेलं, त्यांनी व्हेनेझुएलातल्या लोकांना दिलेलं, आणि त्यातल्या काहींनी फोटो ग्रुपवर टाकले. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने हे छापलं. कंपनीचं म्हणणं की ही विक्रीची मशीन नव्हती, ज्यांच्या घरी होती त्यांची संमती घेतलेली. असेल. पण टॉयलेटवर बसताना कुणाला संमतीपत्र आठवतं का?

आणि कंपनी तरी तीच राहते का? याच आयरोबोटला अ‍ॅमेझॉन १.७ अब्ज डॉलरला घेणार होती, युरोपात अडलं म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तो सौदा मोडला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करून स्वतःला आपल्याच चिनी उत्पादकाच्या हवाली केलं. तू आज ज्यांच्यावर भरवसा टाकतेस ते उद्या तेच असतील असं धरू नकोस.

तर माझं मत, काकूंना झाडू हवाय तर झाडू घे. कॅमेऱ्याशिवायचा येतो, वर गोल टोपी फिरते त्यातून लेझर मारून भिंती मोजतो, सफाईला तेवढं बस. त्या लेझरने सुद्धा आवाज पकडता येतो असं २०२० मध्ये सिंगापूर आणि मेरीलँडच्या लोकांनी करून दाखवलंय, पण ते प्रयोगशाळेत, आधी रोबो हॅक करून, त्यामुळे त्याने झोप उडवून घेऊ नका. बाबा पडले का ते बघणं हा वेगळा विषय आहे, तो झाडूच्या आडून आणू नकोस.

प्रेषक: वसंतमामा, रामबाग

तुम्ही पोरं फार घाबरवता राव. आमच्या घरात बघण्यासारखं काय आहे, एक दिवाण, दोन खुर्च्या आणि मी. आधार, पॅन, मोबाइल नंबर सगळं आधीच गावभर झालंय. चोराला यायचं असेल तर तो रोबो हॅक करत बसेल का? मागच्या दाराची कडी बघेल.

प्रेषक: निखिल, म्युनिक

मामा, कडीचं एकदम बरोबर, साधा चोर असलं काही करत नाही. पण हल्ला करणाऱ्याला बरेचदा तुम्ही नकोच असता, तुमचं मशीन हवं असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसचा प्रकार झाला, फॅक्टरीचाच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेऊन २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीवर सोडले, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून द्यायचं काम ती करायची, त्यामुळे अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स सगळं अडखळलं. ज्यांचे कॅमेरे होते ते निवांत टीव्ही बघत होते, त्यांना पत्ताच नाही.

आणि रोबोचं हे काही आजचं नाही. २००९ मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी बाजारातले तीन खेळण्यातले रोबो घेऊन तपासले, त्यातल्या काहींचे पासवर्ड नेटवर्कवर उघडेच जायचे. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो, कॉम्प्युटर टेबलावर पडून असतो, हा घरभर हिंडतो आणि वस्तूंना हात लावतो. कॅमेरा भिंतीवर ठोकलेला असेल तर तुम्ही त्याच्या मागे जाऊन बसू शकता. हा तुमच्या मागे येतो.

प्रेषक: सुनंदामावशी, तिलकनगर

कायद्याचं कोणी विचारलं नाही तरी सांगते, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात आयुष्य गेलं, खोड जात नाही.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात कंपनीने संमती घ्यायची, माहिती सांभाळायची वगैरे आहे. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली तर तिला तो कायदा लागूच नाही. म्हणजे सुधीरराव, तुमचा मुलगा टोरांटोहून तुम्हाला बनियनवर बघतो त्याबद्दल या कायद्यात तुम्हाला काही मिळणार नाही, ते तुम्हालाच त्याच्याशी बोलावं लागेल आणि कृपा करून बोला. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा फॅक्टरी पासवर्ड टाकून वस्तू विकायला बंदी आहे, चांगलं आहे, पण पासवर्ड कितीही भक्कम असला तरी तो मुलाकडेच असेल तर आईवडिलांना काय त्याचं.

आणखी एक. घरात बाई काम करते तिचं कोणीच बोललं नाही. तिने कुठे अ‍ॅपवर "मान्य आहे" दाबलं? ती पदर खोचून भांडी घासणार आणि हा पायाशी येऊन बघणार, आणि तो बघतो हे तिला कोणी सांगणार पण नाही. माझ्याकडे असता तर आधी तिला विचारलं असतं.

प्रेषक: मीनलची आई, राजेंद्रनगर

मीनल,
या यादीवर मी तुझ्या आधीपासून आहे. सानंद संस्थेच्या नाटकांच्या तारखा मला कुठून कळतात असं वाटत होतं तुला?

सरप्राइज राहू दे. रोबो हवाय मला, नाही म्हणणार नाही, गुडघा खरंच दुखतो. पण कॅमेरा नको. बाबा दुपारी लुंगीवर पेपर वाचत पडतात, मी केस सोडून बसते, हे घर आहे, बँक नाही. आणि अकाउंट दादाच्या नावाने का? झाडू माझ्या घरात फिरणार तर मालकीण मी. माझ्या मोबाइलवर टाका, मला युपीआय जमतं तर हे पण जमेल. दुकानाच्या माणसाच्या फोनवर काही चालू करायचं नाही, परवा शेजारी टीव्ही लावायला आला तो वायफायचा पासवर्ड लिहूनच घेऊन गेला.

बाबा पडण्याचं म्हणशील तर बाथरूममध्ये पकडायला दांडा लावायचं मी केव्हापासून सांगतेय, त्याचे पैसे पाठव. आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे आपली किल्ली आहे, फोन उचलला नाही तर त्यांना कर, त्या जिना उतरून येतात आणि चहा पण करून देतात. बाईला मी आज विचारलं. ती म्हणाली झाडू-पोछा त्याला करू दे, पैसे कमी करू नका म्हणजे झालं. नाही करणार म्हटलं.

प्रेषक: मीनल, न्यू जर्सी

आई!! बरं. कॅमेरा नसलेला शोधते. दांड्याचं दादा बघतोय.

निखिल, आईच्या फोनवर लावायचं तर नेमकं काय करायचं ते लिही ना, तिला एकटीला जमेल असं.

प्रेषक: सुधीरकाका, लोकमान्यनगर

मला पण लिही. आमचा आधीच मुलाच्या नावावर आहे, तो माझ्याकडे कसा घ्यायचा? काल बोललो त्याच्याशी. तो म्हणे बाबा आधी का नाही सांगितलं, मला वाटलं तुम्हाला बरं वाटतं.

प्रेषक: निखिल, म्युनिक

काकू, नवीन असेल तर सोपं आहे. राउटरमध्ये गेस्ट नावाचं वेगळं वायफाय चालू करता येतं, रोबो त्यावर टाका, मुख्य वायफायवर फक्त तुमचे फोन आणि लॅपटॉप. रोबोला बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झवालंच लागतं, पाच वालं त्याला दिसत नाही, म्हणून जोडला नाही तर मशीन खराब आहे समजून परत करू नका. पासवर्ड या अकाउंटपुरता वेगळा ठेवा, डायरीत लिहिला तरी चालेल, डायरी कोणी म्युनिकहून हॅक करत नाही. अ‍ॅप लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक मागेल, झाडायला कॉन्टॅक्ट लागत नाहीत, नाही म्हणा, लोकेशन लावतानापुरतं लागू शकतं, ते नंतर बंद करा. अपडेट आलं की टाळू नका, असली भोकं त्यातूनच बुजतात. मीनलला "शेअर"मधून जोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, जोडलंत तर केव्हाही काढता येतं.

काका, तुमचं उलट्या क्रमाने. आधी मुलाला त्याच्या अ‍ॅपमधून रोबो काढायला सांगा, मग मशीनवरचं रिसेट दाबून धरा, मग तुमच्या फोनवर नव्याने अकाउंट. नकाशा पुसला जाईल, रांगोळीची लाल चौकट परत आखावी लागेल, ती पहिल्याच दिवशी आखा. वायफायचा पासवर्ड पण बदला, लावणाऱ्याकडे जुना आहे. आणि पुढे कधी मशीन विकलंत तर रिसेट केल्याशिवाय देऊ नका, जुनं कोणाचं घेऊ तर मुळीच नका, त्या डेफ कॉनवाल्यांनी सांगितलं होतं की विकून टाकलेल्या रोबोवर आधीच्या मालकाचा हात राहू शकतो.

रविवारी तुमच्या सकाळी अकराला व्हिडिओ कॉल लावतो, काकू तुम्ही पण या, दोघांचं एकदम करू. पोहे खाऊन बसा, राउटरचा पासवर्ड मागच्या स्टिकरवर असतो तो आधी शोधून ठेवा.