पोप ‘निष्पाप’, ‘अचूक’ की आणखी काही?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. घरी कोंकणी, शाळा मराठी, ऑफिसात कन्नड. आपल्याकडच्या कॅथलिक माणसाची नेहमीची खिचडी. ८ मे २०२५ ला लिओ चौदावे पोप झाले, तेव्हाचं एक मराठी कात्रण मित्रानं जपून ठेवलंय. त्यात छापलंय, ‘कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार पोप निष्पाप असतो.’ मित्र म्हणतो, इतिहासातले एकेक पोप आठव आणि हे वाच, हसू येत नाही? हसू मलाही आलं, पण कात्रणाचं. पोपबद्दल इंग्रजीत वापरतात त्या ‘इन्फॉलिबल’ (चुकू न शकणारा) शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणावं?

शहापूरकर
‘अचूक’ आहे की सरळ. एवढं काय त्यात?

मलप्रभाकाठ
‘निष्पाप’पेक्षा बराच बरा. पण ‘अचूक’ म्हटलं की आपल्याला नेमबाज आठवतो. पोपनं उद्या पाऊस कधी येणार ते सांगितलं तरी ते खरं ठरणार, असा त्याचा सूर लागतो.

आधी ‘निष्पाप’चा निकाल लावू. लॅटिनमध्ये दोन शब्द निराळे आहेत. ‘इम्पेकाबिलिस’ म्हणजे ज्याच्या हातून पाप घडूच शकत नाही तो, आणि ‘इन्फालिबिलिस’ म्हणजे चुकू न शकणारा. पहिला शब्द ख्रिस्तसभेनं पोपला कधीच लावलेला नाही. पोपही पापांची कबुली द्यायला जातात. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले होते, तो फोटो जगभर गेला. निष्पाप माणूस तिथं कशाला जाईल?

दुसरा शब्दही माणसाला चिकटलेला नाही, त्याच्या एका विशिष्ट कामाला चिकटलेला आहे. १८ जुलै १८७० ला पहिल्या व्हॅटिकन परिषदेत हा सिद्धान्त मंजूर झाला, बाजूनं ५३३ मतं आणि विरोधात २. पोप सगळ्या ख्रिस्तसभेचा मेंढपाळ आणि शिक्षक म्हणून बोलत असेल, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असेल, आणि ‘हे सगळ्यांनी मानायचं’ असा कायमचा निर्णय देत असेल, तरच ते लागू. त्यानंतर असा निर्णय झाला तो १ नोव्हेंबर १९५० ला, पायस बारावे यांचा, मरियेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल. विमानात पत्रकारांशी मारलेल्या गप्पा यात येत नाहीत.

स्पष्टवक्ता तिलकवाडी
म्हणजे सवलतीच्या जाहिरातीसारखं. वर मोठ्या अक्षरात ‘चुकत नाही’ आणि खाली फुलीच्या खुणेनं बारीक अक्षरात ‘अटी लागू’.

मलप्रभाकाठ
उलट आहे ओ! ठरावात अटी मोठ्या अक्षरात आहेत, त्या बारीक केल्या वर्तमानपत्रांनी. आणि यात आपल्याला अनोळखी असं काही नाही. तो निर्णय ‘एक्स कथेद्रा’, म्हणजे आसनावरून दिलेला असावा लागतो. कथेद्रा म्हणजे बिशपांची खुर्ची. ती जिथं असते ते कॅथेड्रल. आपल्या बेळगावच्या कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलच्या नावात तीच खुर्ची आहे. मराठीत याला ‘पीठ’ हा तयार शब्द आहे. आपल्याच जिल्ह्यात संकेश्वरचं पीठ आहे. स्वामीजी पीठावरून बोलले आणि स्वामीजी जेवताना बोलले, यातला फरक तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

अनगोळची सून
मग ‘अंतिम’ म्हणा. पोपचा निर्णय अंतिम, विषय संपला.

शहापूरकर
ताई, अंतिम म्हणजे बरोबर, असं सीमाभागात बोलू नका! सीमावादावरचा महाजन अहवाल १९६७ पासून ‘अंतिम’ आहे म्हणतात. 😀

मलप्रभाकाठ
शहापूरकरांनी मस्करीत नेमकं बोट ठेवलं. अंतिम म्हणजे ज्याच्यावर अपील नाही ते. ते चुकीचंही असू शकतं. इथं दावा मोठा आहे, त्या निर्णयात भ्रामक शिकवण येणार नाही, देव ती येऊ देणार नाही. पटो न पटो, शब्द तेवढा दावा पेलणारा हवा.

जुन्या पुस्तकी मराठीत ‘अस्खलनशील’ वाचलंय. पण ‘अस्खलित’ म्हटलं की आपल्याला फाडफाड बोलणारा वक्ता दिसतो. ‘प्रमादातीत’ मला बरा वाटतोय.

स्पष्टवक्ता तिलकवाडी
बरं, मग होनोरियसचं काय? पहिला होनोरियस, सातव्या शतकातला पोप. त्यानं कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख बिशप सर्जियस याला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताची इच्छाशक्ती एकच (देव म्हणून एक आणि माणूस म्हणून एक अशा दोन नव्हेत) असं म्हटलं, आणि ६८०-६८१ च्या परिषदेनं मेल्यानंतर त्याला पाखंडी ठरवलं. पोपला! प्रमादातीत म्हणे.

मलप्रभाकाठ
हे उदाहरण खरं आहे आणि अवघडही आहे, ते झटकून टाकणाऱ्यातला मी नाही. पण ते पत्राला दिलेलं उत्तर होतं, सगळ्या ख्रिस्तसभेसाठी पीठावरून केलेली व्याख्या नव्हती. परिषदेचा निर्णय कायम करताना दुसरे लिओ पोप यांनी होनोरियसवर मुख्य ठपका ठेवला तो हा, की पाखंडाची आग पेटताना विझवायची सोडून त्यानं हयगय केली.

आता गंमत बघा. संस्कृतात ‘प्रमाद’चा मूळ अर्थ गाफीलपणा, हयगय असाच आहे, ‘चूक’ हा अर्थ मागून आला. म्हणजे मूळ अर्थानं होनोरियसनं प्रमादच केला! पोप गाफील राहू शकतो, भित्रा असू शकतो, राजकारणात फसू शकतो. तेव्हा ‘प्रमादातीत’ मी मागे घेतो. पीठावरून ठरवलेल्या शिकवणीत भ्रम नसतो, एवढंच म्हणायचंय, तर ‘अभ्रांत’ कसा वाटतो?

अनगोळची सून
अभ्रांत म्हणजे जेवणाची भ्रांत नसलेला? मग व्हॅटिकनला शोभतोच की.

मलप्रभाकाठ
😀 हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘पोटाची भ्रांत’ आडवी आली.

वचनवाचक
शब्दापेक्षा पाया बघा ना. कॅथलिक ज्याला पहिला पोप मानतात त्या शिष्याला येशू म्हणतो, ‘तू पेत्र आहेस आणि या खडकावर मी आपली मंडळी रचीन.’ ग्रीकमध्ये पेत्रोस वेगळा, पेत्रा वेगळी. खडक म्हणजे ‘तू ख्रिस्त आहेस’ ही पेत्राची कबुली, पेत्र नव्हे.

मलप्रभाकाठ
बंधू, प्रश्न शब्दाचाच काढलात, बरं केलंत. येशू बोलत होता अरामी, आणि त्यात दोन्हीकडे ‘केफा’, म्हणजे खडक. योहानाच्या शुभवर्तमानात (१:४२) येशू स्वतः सांगतो, तुला केफा म्हणतील. ग्रीकमध्ये ‘पेत्रा’ स्त्रीलिंगी. आता मला सांगा, गड्याचं नाव कुणी ‘शिळा’ ठेवेल? शेवट बदलून पुल्लिंगी करावं लागणारच, म्हणून पेत्रोस. आपल्या मराठीत ही अडचणच नाही. आपल्याकडे गावोगाव धोंडू आहेत. ‘तू धोंडू, आणि या धोंड्यावर मी मंडळी रचीन.’ आता या वाक्यातला धोंडा म्हणजे धोंडूची कबुली, असं कोण वाचेल?

वचनवाचक
धोंडू आवडला. पण धोंडूवरून रोमच्या गादीपर्यंत कसं पोचलात? पौलानं तर अंत्युखियात केफाला तोंडावर सुनावलं, गलतीकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे.

मलप्रभाकाठ
सुनावलं ते वागण्याबद्दल. विदेशी लोकांबरोबर जेवायचा, मग लोक काय म्हणतील म्हणून उठून गेला. शिकवण बरोबर, वागणूक डळमळीत. मी वर म्हटलं तेच. रोमच्या गादीचं मात्र व्याकरणातून सिद्ध होणार नाही, ते कबूल. ते इतिहास आणि परंपरेचं काम, त्याला वेगळा धागा लागेल.

कॅम्पातला जुना
एक भर घालतो. नुसत्या ‘पोप’ शब्दाचीही आपल्याकडे मजा आहे. ग्रीक ‘पापास’, लॅटिन ‘पापा’, म्हणजे बाबा. मराठीत तो इंग्रजीतून ‘पोप’ होऊन आला, कोंकणीत पोर्तुगीजांकडून ‘पाप सायब’ होऊन. मी लहान असताना शेजारच्या मराठी मावशीला वाटायचं, आम्ही पापालाच साहेब म्हणतो! कन्नड मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) पोपला ‘जगद्गुरू’ ऐकलंय आणि वसईकडच्या मराठीत ‘परमगुरुस्वामी’ वाचलंय.

शहापूरकर
मग ‘इन्फॉलिबल’चं ठरलं काय शेवटी?

मलप्रभाकाठ
एका शब्दात बसवायचा हट्ट सोडला. मित्राच्या कात्रणावर पेननं लिहून दिलं, ‘पोप पीठावरून जी शिकवण कायमची ठरवून देतो, तिच्यात चूक नसते, अशी कॅथलिकांची श्रद्धा.’ त्यानं वाचलं आणि म्हणाला, हे तरी भांडण्याजोगं आहे. रविवारी परत बसतोय. आईला धागा वाचून दाखवला, तर ती म्हणते, काय ते लिहा, पण मला परमगुरुस्वामी म्हणायला लावू नका, माझे दात पडलेत.