अनुभव धागा: ड्रॅगन्स डॉग्मा २ – नेमकं कुठे बिनसलं?

गुहाभ्रमर (धागाकर्ता)

कॅपकॉमचा व्हिडिओ गेम ड्रॅगन्स डॉग्मा: पहिला भाग २०१२ चा, त्याची वाढीव आवृत्ती डार्क अरायझन २०१३ ची, पीसीवर तो आला २०१६ मध्ये. दुसरा भाग उगवला २२ मार्च २०२४ ला. बारा वर्षं लोक डोळे लावून बसले होते. पहिल्या दोन आठवड्यांत पंचवीस लाख प्रती खपल्या, आणि सुरुवातीलाच स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) निकाल होता 'बहुतांशी नकारात्मक'. म्हणजे विकत घेणारेच शिव्या घालत होते.

या धाग्यावर ज्यांनी दोन्ही भाग पिळून काढलेत त्यांनी लिहावं. अट एकच: 'मी रात्रभर जागलो, मग माझं मन मोडलं' छाप आत्मकथा नकोत. काय बिघडलंय, का बिघडलंय आणि त्यावर काही इलाज आहे का, तेवढं लिहा. कथानक फुटेल, तेव्हा न खेळलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

खडूस_आर्चर

सुरुवात मीच करतो, कारण माझ्या आवडत्या व्होकेशनचा (पात्राचा लढाऊ पेशा) खून झालाय.

पहिल्या भागात स्ट्रायडरच्या एका हातात खंजीर, पाठीवर धनुष्य. खंजिराची तीन स्किल्स, धनुष्याची तीन, एकूण सहा. दुसऱ्या भागात याचे दोन तुकडे केले: खंजीर थीफकडे, धनुष्य आर्चरकडे. आणि प्रत्येकाला स्किल्स चारच. वॉरियरला पहिल्या भागात तीनच होती, तो आता चारवर आला. त्याचा फायदा झाला हे कबूल. बाकी सगळ्यांचा तोटा. सर्वात जास्त मार जादूगारांना, कारण मेजला सहा मंत्र घेऊन हिंडायची सवय होती. आता उपचार, शस्त्राला अग्नी, शस्त्राला बर्फ आणि एक हल्ला, की संपलं दुकान. मधेच सॉरियन (सरड्यासारखे राक्षस) आले की नेमका हवा तो मंत्र गावात राहिलेला असतो.

यावर उत्तर म्हणून वॉरफेअरर दिलाय, सगळी शस्त्रं वापरणारा. तो मिळतो ज्वालामुखी बेटावर, लॅमंड नावाच्या पात्राला न्यूट लिकरच्या तीन बाटल्या नेऊन दिल्या की. पण शस्त्र बदलायचं रिआर्मामेंट हेच एक स्किल आहे, ते चारातली एक जागा खातं. उरली तीन. शिवाय त्याचे मूळ आकडे इतरांपेक्षा कमी. स्ट्रायडर परत हवा असेल तर वॉरफेअरर, खंजीर, धनुष्य, रिआर्मामेंट आणि तीन स्किल्स, एवढ्यावर भागवा.

मिस्टिक नाइट तर पूर्णच गायब. मिस्टिक स्पिअरहँड छान आहे, पण तो त्याची जागा घेत नाही.

लेणीवाला

आर्चरशी सहमत. पण लढाई अजूनही या खेळाची ताकद आहे. ग्रिफिनच्या पाठीवर चढून तो उडताना पंखावर वार करत राहणं, सायक्लोप्सचा पाय ओढून त्याला दरीवर आडवा पाडून त्याच्या अंगावरून पलीकडे जाणं, हे दुसऱ्या कुठल्या खेळात मिळत नाही.

गोची अशी की लढायला आहे कोण? नकाशा आधीच्या चौपट मोठा केला आणि त्यात भरले गॉब्लिन, हार्पी, सॉरियन, लांडगे, दरोडेखोर. मग पुन्हा गॉब्लिन, फक्त रंग वेगळा. वेर्मंडमध्ये (सुरुवातीचं राज्य) पहिले दहा-पंधरा तास मजा येते. बत्ताहलच्या वाळवंटात शिरल्यावर नवं काहीतरी दिसेल म्हणून वाट बघावी, तर तेच गॉब्लिन ऊन खात बसलेले. पहिल्या भागातला हायड्रा नाही, कॉकाट्रिस नाही. मेडुसा, डलाहान, टॅलोस, स्फिंक्स हे नवे आहेत आणि उत्तम आहेत, पण ते एकदा भेटतात किंवा एका कोपऱ्यात बसलेले असतात. रोजच्या जेवणात ते नाहीत, सणासुदीला आहेत.

दुसरं, गुहा. दुसऱ्या भागात गुहा भरपूर, पण बहुतेक सगळ्या एकाच साच्याच्या: वाकडी वाट, दोन पेट्या, शेवटी ऑगर. पहिल्या भागात एव्हरफॉल होता आणि डार्क अरायझनमध्ये बिटरब्लॅक आइल. खाली खाली उतरत जाणारा, एकेका दालनात वेगळं काही वाढून ठेवलेला सापळा. त्या तोडीचं एकही ठिकाण इथे नाही. माझ्या मते खरा अपेक्षाभंग हा आहे. बिटरब्लॅकमधून जे शिकले ते विसरून दुसरा भाग थेट २०१२ च्या मूळ खेळाचा वारसदार झालाय. हार्ड मोडही नाही. पातळी ४० च्या पुढे मोठे राक्षस मिनिटभरात कोसळतात.

उपाय: चिलखत आणि शस्त्र वाढवू नका, पॉन (सोबत लढणारी पात्रं) तीनऐवजी एकच ठेवा. आव्हान निम्मं तरी परत येतं.

तापलेला_प्रोसेसर

वेर्मंडची राजधानी वेर्नवर्थमध्ये शिरलं की चित्र का अडखळतं, यावर नुसता गोंधळ चाललाय, म्हणून सविस्तर लिहितो.

हा खेळ ग्राफिक्स कार्डावर नाही, प्रोसेसरवर अडतो. कॅपकॉमनेच सांगितलं होतं की प्रत्येक पात्राच्या हालचालीचा आणि आसपास होणाऱ्या परिणामाचा हिशोब सतत चालू असतो आणि त्यात प्रोसेसर खर्ची पडतो. रानात पात्रं कमी, म्हणून फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) बऱ्या. शहरात शेकडो, म्हणून माती. काही लोकांनी शहरातले नागरिक मारून फ्रेम वाढवल्या, ते विनोद म्हणून पसरलं, पण तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं.

तुमच्याकडे नेमकं काय अडतंय हे असं तपासा. वेर्नवर्थच्या चौकात उभे राहा, रिझोल्यूशन १४४० वरून ७२० वर आणा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडतोय, आणि मग टेक्स्चर, सावल्या कमी करून काडीचाही फरक पडणार नाही. वाढल्या तर कार्ड अडतंय, तेव्हा नेहमीचे उपाय करा.

प्रोसेसर अडत असेल तर:

रे ट्रेसिंग बंद. ते फक्त कार्डाचं काम नाही, प्रोसेसरवरही भार टाकतं.

रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बायोसमध्ये चालू आहे का बघा. बऱ्याच असेम्बल केलेल्या मशीनमध्ये ते बंदच असतं आणि ३२०० ची रॅम २१३३ वर रांगत असते. या खेळात तो फरक डोळ्यांना दिसतो.

साठच्या मागे धावू नका. शहरात ४८ आणि रानात ९० यापेक्षा सगळीकडे सलग ४० बरे वाटतात. पण १२० हर्ट्झचा मॉनिटर असेल तरच, कारण ४० ने १२० ला पूर्ण भाग जातो. ६० हर्ट्झवर ४० लावाल तर झटके बसतील, तिथे ३० लावा.

फ्रेम जनरेशनने आकडा वाढतो, बटण दाबल्यावरचा उशीर कमी होत नाही. थीफ, आर्चर खेळणाऱ्यांना तो बोचतो.

आणि शिफारस केलेल्या मशीनचा तक्ता नीट वाचा. तिथे आरटीएक्स २०८० लिहून पुढे लक्ष्य ३० फ्रेम दिलंय. हे आधीच छापलेलं होतं, पण कोणी तिकडे बघितलं नाही. डेनुवोला (चोरटी कॉपी रोखणारं कुलूप) शिव्या घालणाऱ्यांनी एवढं बघावं की कुलूप काढूनही पात्रांचा हिशोब कमी होत नाही.

चहाटळ

@तापलेला_प्रोसेसर, नागरिक मारायच्या उपायाला तुम्ही तांत्रिकदृष्ट्या बरोबर म्हणालात, वेर्नवर्थचे पहारेकरी तुमच्या शोधात आहेत 😄

अर्धवट_जादूगार

विनोद बाजूला. पहारेकऱ्यांपेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे ड्रॅगन्सप्लेग, आणि त्यावरची तक्रार मला अर्धीच पटते.

रोग असा: तुमच्या पॉनला, किंवा भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच्या पॉनला लागण होते. (पॉन म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं. इथे प्यादं वजीर होत नाही, यमदूत होतं.) लक्षणं क्रमाने: डोकं धरून कण्हणं, हुकूम न ऐकणं, उर्मट बोलणं, शेवटी डोळे लाल. त्या अवस्थेत तुम्ही गावातल्या खाणावळीत झोपलात की सकाळी गाव स्मशान झालेलं असतं. दुकानदार, क्वेस्ट (कामगिरी) देणारे, सगळे.

चीड कशाची आली? पहिल्यांदा झालं तेव्हा खेळाने नीट काही समजावलं नव्हतं, आणि सेव्ह फाइल एकच. म्हणजे मागे फिरता येत नाही. नंतरच्या पॅचमध्ये लागण कमी केली आणि डोळ्यांची लाली ठळक केली, तेव्हा आता तेवढा धोका नाही.

करायचं काय: मोठ्या शहरात झोपण्याआधी तिन्ही पॉनच्या डोळ्यांत बघा. शंका आली तर त्या पॉनला उचला आणि खोल पाण्यात फेका. ब्राइन (पाण्यातला जीव) ओढून नेतो, पॉन रिफ्टमध्ये (पॉनचं वेगळं जग) जातो आणि रोग धुतला जातो. मुख्य पॉन जवळच्या रिफ्टस्टोनवरून (पॉन बोलवायचा दगड) परत बोलवा. नुसतं डिसमिस करू नका, तोवर बाकी दोघांना लागण झालेली असू शकते. कॅम्पवर झोपल्याने हे होत नाही, ते फक्त वस्तीत. झालंच तर प्रेतागारात जाऊन वेकस्टोनने एकेकाला उठवता येतं, पण ते महाग काम. स्फिंक्सच्या कोड्यांतून मिळणारा इटर्नल वेकस्टोन असेल तर एका दमात बऱ्याच जणांना उठवतो. तो इतर कशावर उधळू नका.

सेव्हची_काळजी

वरच्याला जोडून. सेव्ह दोन प्रकारचं: आपोआप होणारं आणि शेवटच्या खाणावळीचं. कॅम्पवर झोपून खाणावळीचं सेव्ह होत नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात. कॅम्प, कॅम्प, कॅम्प करत पाच तास हिंडायचं, मग काही बिनसलं की परतीचं ठिकाण पाच तास मागे.

त्यामुळे लॉस गेज कितीही भरलेला असो (मार खाल्ला की कमाल आयुष्यच घटतं, ते झोपल्याशिवाय भरत नाही), मोठ्या क्वेस्टआधी पैसे मोजून खाणावळीतच झोपा. मात्र मुदतीची क्वेस्ट हातात असेल तर आधी ती उरका. लांडग्यांनी पळवलेल्या मुलाचं क्वेस्ट घेऊन दिवस घालवलेत तर मुलगा मरतो. जर्नलमध्ये घड्याळाची खूण दिसली की समजा वेळ पळतोय.

पीसीवाल्यांनी स्टीम क्लाउड बंद करून यूजरडेटा फोल्डरमधून या खेळाचं रिमोट फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवावं. क्लाउड चालू ठेवून जुनी फाइल परत टाकलीत तर स्टीम ती पुन्हा पुसून बसतं.

पहिल्या दिवशी तर नवा खेळ सुरू करायचा पर्यायही मेनूत नव्हता! तो मार्च २०२४ च्या अखेरीस पॅचमधून आला.

दुकानदारी_नको

पैशांच्या गोष्टीत एक गैरसमज अजून फिरतोय, तो काढतो. 'फास्ट ट्रॅव्हल विकत ठेवलं' असं म्हणतात. विकत होता पोर्टक्रिस्टल, तोही प्रत्येकाला एकच. पोर्टक्रिस्टल म्हणजे नुसती खूण. तिथे उडी मारायला फेरीस्टोन लागतो, तो खेळातल्या दुकानात १०,००० सोन्याला मिळतो, खऱ्या पैशांनी नाही. चेहरा बदलायचं पुस्तक, रिफ्ट क्रिस्टल (पॉन भाड्याने घ्यायचं चलन), वेकस्टोन, हे सगळं खेळातही मिळतं.

मग राग का आला? सत्तर डॉलरच्या एकट्याने खेळायच्या खेळात, दुकानाची यादी समीक्षकांना आधी न दिसता विक्रीच्या दिवशी उघडली. आणि ज्या खेळाचं तत्त्व 'चालत जा, त्रास घ्या' असं आहे, त्याच्याच गल्ल्यावर त्रास कमी करायच्या वस्तू! दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो आधी जाहीर मुलाखतीत म्हणाले होते की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष खेळाचा. मुद्दा बिनतोड. मग दुकान कोणासाठी?

डार्क अरायझनमध्ये कधीच न संपणारा फेरीस्टोन दिला होता, तो इथे काढला. तेव्हा पैसे जमवा. ओझं उचलायची ताकद वाढवायला गोल्डन ट्रोव्ह बीटल हाती लागला की वापरा, एकाने ०.१५ किलो वाढतं. दिसायला कमी, पण पन्नास झाले की साडेसात किलो.

खडूस_आर्चर

बैलगाडीत बसून डुलकी घ्या की, स्वस्तात पोचाल. अर्थात वाटेत ग्रिफिनने गाडी फोडली नाही तर.

शेवटचं_पान

कथेबद्दल कोणीच बोलेना, म्हणून.

वेर्नवर्थमधला भाग झकास जमलाय. गादीवर खोटा अरायझन (ड्रॅगनने निवडलेला नायक), मागे राणी डिसाचं कारस्थान, मुखवट्यांचा नाच. वाटतं, आता राजकारण तापणार. तर सीमा ओलांडून बत्ताहलमध्ये गेलात की कथा धावत सुटते आणि डिसाच्या कटाचा निकाल लागतच नाही. धागे सोडलेले दिसतात, तोडलेलेही नाहीत, नुसते सोडलेले.

प्रेमाचा भाग तर हास्यास्पद. ड्रॅगन 'प्रिय व्यक्ती' म्हणून कोणाला धरेल ते फक्त आपुलकीच्या आकड्यावर ठरतं. सारखी खरेदी केलेला दुकानदारही ड्रॅगनच्या पंजात दिसू शकतो. हा दोष पहिल्या भागातही होता, बारा वर्षांत दुरुस्त केला नाही.

पण एक गोष्ट मात्र मानावी लागते. खेळ सुरू केल्यावर शीर्षकात फक्त 'ड्रॅगन्स डॉग्मा' लिहिलेलं दिसतं, २ कुठेच नाही. ड्रॅगनच्या पाठीवरून जाताना त्याला मारायच्या ऐवजी, सामानातून गॉड्सबेन ब्लेड काढून स्वतःवर चालवायचं. बटण सुचवत नाही, क्वेस्ट सांगत नाही. ते केलं की अनमूअर्ड वर्ल्ड उघडतं, समुद्र आटलेला, आकाश लाल, आणि तेव्हा शीर्षकावर २ उमटतो. ही कल्पना लाजवाब आहे. दुर्दैव असं की बऱ्याच जणांनी ड्रॅगन मारला, नामावली बघितली आणि खेळ ठेवून दिला. त्यांनी २ बघितलाच नाही.

तिथे जाणाऱ्यांसाठी: विश्रांती मोजकी, दर झोपेला जग थोडं संपत जातं. आत जाण्याआधी वेकस्टोन आणि औषधं भरून घ्या. लाल झोत दिसतात तिथले राक्षस पाडायचे आणि वस्त्यांतली माणसं समुद्रतळाच्या देवळाकडे हलवायची. आधी माणसं हलवा, मग झोपा. उलट केलंत तर गाव गेलं.

लेणीवाला

@शेवटचं_पान, हे पटलं. पण विचार करा, तो आटलेला समुद्रतळ केवढा मोठा, आणि त्यात केवढं रिकामं. तिथेच बिटरब्लॅकसारखं काही खोदलं असतं तर? इत्सुनो ऑगस्ट २०२४ मध्ये कॅपकॉम सोडून गेले, आता ते कोण खोदणार.

गुहाभ्रमर (धागाकर्ता)

छान माहिती जमतेय. एल्फांच्या भाषेचा मुद्दा कोणी लिहिला नाही, तेवढा टाकतो: सेक्रेड आर्बरला जायच्या आधी वुडलँड वर्डस्मिथ हे स्पेशलायझेशन असलेला पॉन भाड्याने घ्या, नाहीतर सगळा संवाद तुमच्या डोक्यावरून जाईल. आणि सामान आवरायचा कंटाळा असेल तर लॉजिस्टिशियन. पुढच्या प्रतिसादात ट्रिकस्टर (धुराने शत्रूला फसवणारं व्होकेशन) कोणी नीट खेळलं असेल तर लिहा, तो धूर नेमका कुठे सोडायचा यावर इथे कोणाचंच एकमत दिसत नाही.