पांढरे ठिपके जाऊन पुन्हा आले. मुख्य टँकमध्ये कॉपर (तांब्याचे औषध) घालावे का?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
नमस्कार. माझ्या ३०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल, दोन क्लीनर श्रिंप, क्लाऊनफिशची जोडी आणि नऊ दिवसांपूर्वी आणलेला पावडर ब्लू टँग हा मासा आहे. त्याला वेगळा न ठेवता थेट सोडला, ही चूक माझीच. चौथ्या दिवशी परांवर रव्याच्या कणांसारखे ठिपके आले, दोन दिवसांत गेले, म्हणून मी निर्धास्त झालो. आज सकाळी ते दुपटीने दिसत आहेत आणि मासा दगडाला अंग घासतो आहे. दुकानदार लसूण खाऊ घालण्यास व टँकमध्येच कॉपर टाकण्यास सांगतात. काय करावे?

उत्तर (औंध)
कृपया मुख्य टँकमध्ये कॉपर घालू नये. कोरल आणि श्रिंप मरतील, शिवाय खडक व वाळू तांबे शोषून घेत असल्यामुळे प्रमाण टिकत नाही. ठिपके जाऊन वाढून परतणे हे क्रिप्टोकॅरिऑन या एकपेशीय परजीवीचे लक्षण आहे. तो त्वचेखाली तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून वाळूत किंवा खडकावर कवच धरतो आणि त्यातून शेकडो नवे जीव बाहेर पडतात. ठिपके गेले तेव्हा रोग गेला नव्हता, खाली उतरला होता. औषध लागू पडते ते फक्त पोहणाऱ्या अवस्थेवर; लसणाने तो मरत नाही. मात्र आधी दिवे बंद करून बाजूने टॉर्च मारून पाहावे. सोनेरी भुकटीसारखा बारीक थर दिसला आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धापा टाकत असला, तर तो व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग आहे व हाताशी फार वेळ नाही.

प्रश्नकर्ता
टॉर्च लावून पाहिले. टँगवरचे कण सुटे, मोजता येण्याजोगे आहेत. पण एका क्लाऊनफिशच्या अंगावरून सायीसारखा पांढुरका थर सुटून लोंबतो आहे.

उत्तर (चिंचवड)
क्लाऊनफिशला ब्रुकलिनेला हा आणखी एक परजीवी रोग झालेला दिसतो, आणि त्यावर कॉपर चालत नाही. त्याला आजच वेगळ्या भांड्यात, एअरस्टोन जोरात चालू ठेवून, औषधाच्या बाटलीवरील प्रमाणात फॉर्मेलिनचे स्नान द्यावे. हातमोजे घालावेत व खिडकी उघडी ठेवावी, कारण ते द्रव्य आपल्यालाही घातक आहे आणि पाण्यातील प्राणवायूही कमी करते.

बाकीचे मासे वाळू-खडक नसलेल्या टँकमध्ये, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि स्पंज फिल्टर ठेवून हलवावेत. साधे आयनिक कॉपर दोन दिवसांत हळूहळू वाढवून लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमवर आणावे आणि टेस्ट किटने रोज मोजत ३० दिवस राखावे. चिलेटेड कॉपरचे प्रमाण वेगळे असते, ते या आकड्यांनी देऊ नये. टँगला तांबे सोसत नसेल तर त्याऐवजी पाण्याचा खारटपणा कमी करून विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणता येते, पण त्यासाठी नीट जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजणारे उपकरण) हवा. व्हेल्व्हेटवर खारटपणा कमी करण्याचा हा उपाय चालत नाही.

मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा, म्हणजे पोसायला मासा न मिळून तिथला परजीवी मरतो. मी एकदा पंचेचाळिसाव्या दिवशी घाईने मासे परत सोडले आणि आठवड्याभरात पहिला कण टँगच्या छातीच्या परावर दिसला. श्रिंप आणि कोरल तिथेच राहू द्यावेत, पण दोन्ही टँकसाठी जाळी आणि सायफनची नळी वेगवेगळी वापरावी, कारण ओल्या जाळीतूनही परजीवी जातो.