‘भाकीत’ खटकतंय: मॅगमीटरच्या टिपणासाठी शब्द हवा

प्रश्न (जळगाव):
केळीच्या शेतांना पाणी नेणाऱ्या पाइपलाइनवर विद्युतचुंबकीय प्रवाहमापी, म्हणजे आपले मॅगमीटर, आहेत. ते सांभाळणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. शीर्षक सुचलं ते असं: ‘प्रवाहमापीच्या संकेताचे भाकीत करण्याच्या सांख्यिक पद्धती’. पण ‘भाकीत’ कानाला खटकतंय. काय लिहू?

उत्तर (यावल):
ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीखाली चार ढेकळं ठेवतात, त्यांना आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन अशी नावं देतात आणि कोणतं जास्त भिजलं ते बघून पाऊस सांगतात. ते भाकीत. मीटरच्या बाबतीत पुढचं काही सांगायचंच नसतं. चुंबकीय क्षेत्र ठाऊक, व्यास ठाऊक, पाण्याचा वेग ठाऊक. मग पाइपाच्या भिंतीत समोरासमोर बसवलेल्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये किती व्होल्टेज, म्हणजे मीटरचा संकेत, यायला हवा ते काढायचं. 100 मिमीचा पाइप, 0.005 टेस्लाचं क्षेत्र, सेकंदाला 2 मीटर वेग. तिन्हींचा गुणाकार केला की 1 मिलिव्होल्ट. याला मी ‘अपेक्षित संकेत काढणे’ म्हणेन. ‘अंदाज’ही नको. अंदाज नजरेनं बांधतात, हा हिशोब आहे.

‘सांख्यिक’ तर काढूनच टाका. वाचणारा थेट सांख्यिकीकडे, सरासरी न् टक्केवारीकडे जातो. ‘आकडेमोडीच्या पद्धती’ म्हणा. आणि आकडेमोड का लागते तेही लिहा. वरचा गुणाकार चालतो तो पाणी पाइपाच्या मध्याभोवती सगळीकडून सारखं वाहतं तेव्हा. मीटरच्या अगदी आधी बेंड, म्हणजे पाइपाचं वळण, असला की पाणी एका अंगाला लोटतं. मग पाइपाच्या आडव्या छेदाचे बारीक वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाफ्याचं व्होल्टेजचं समीकरण शेजारच्या वाफ्यांशी जोडून सगळी एकत्र सोडवायची.

उत्तर (धुळे):
‘अंदाज’बद्दल थोडा मतभेद. अंदाजपत्रकही हिशोबानंच होतं. पण इथे ‘अपेक्षित’ जास्त नेमका, हे मान्य.

माझी काळजी वेगळी आहे. टिपणात पुढे ‘भार फलन’ येईल, म्हणजे कोणत्या जागेच्या वेगाचा संकेतात किती वाटा ते सांगणारं सूत्र. भार म्हटलं की आपल्याकडे आधी भारनियमन आठवतं. विजेच्या यंत्राच्या टिपणात तर हमखास घोटाळा. सरळ ‘वजन’ लिहा. शेरक्लिफ या संशोधकानं 1954 साली दाखवलं की छेदातल्या प्रत्येक जागेच्या वेगाला संकेतात सारखं वजन नसतं. मध्यावर 1 धरलं, तर इलेक्ट्रोडपासून काटकोनात भिंतीलगत ते 0.5 भरतं, आणि इलेक्ट्रोडजवळ जावं तसं वाढतच जातं. म्हणून तेच पाणी इलेक्ट्रोडच्या बाजूला लोटलं तर मीटर जास्त दाखवतो, काटकोनातल्या भिंतीकडे लोटलं तर कमी. बेंड आणि मीटर यांच्यामध्ये सरळ पाइप का सोडायचा, ते मुलांना इथे कळेल.

जळगाव:
दोघांचे मनापासून आभार. शीर्षक बदललं: ‘बेंडनंतर मॅगमीटर किती दाखवेल? आकडेमोडीनं काढायची रीत’. ‘वजन’ही घेतलं. आता एकच अडलंय. छेदाच्या तुकड्यांना पुस्तकी शब्द ‘जाळी’ आहे, पण मुलांना जाळी म्हणजे ठिबकच्या फिल्टरमधली. वाफे चालेल ना?

यावल:
वाफेच ठेवा. इलेक्ट्रोडजवळ ते लहान पाडावे लागतात, कारण तिथे वजन झपाट्यानं बदलतं. मधे मोठे चालतात. उतार पाहून वाफा लहान-मोठा करणाऱ्या पोरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.