सीतेच्या वेणीचं बी बाटलीत रुजलं, आता काळं पडतंय, मदत हवी आहे

मंडळी, दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीजवळ रस्ता रुंद करताना एक जुना आंबा तोडला, त्याच्या फांदीवरची सीतेची वेणी (झाडावर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड) मी सालीसकट उचलून आणली आणि परसातल्या फणसाला बांधली. यंदा मे अखेरीस मस्त फुलली. टूथपिकने पराग उचलून हाताने परागीकरण केलं, दोन शेंगा धरल्या.

आमरीच्या बियांत साठवलेलं अन्न नसतं, रानात बुरशीच्या मदतीशिवाय त्या रुजत नाहीत, म्हणून बाटलीत साखरेच्या मीडियमवर पेरायचं ठरवलं, आणि आतलं बी निर्जंतुक राहावं म्हणून एक शेंग फुटायच्या आत, साडेचार महिन्यांची हिरवी असतानाच काढली. साबणाने धुतली, स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून तीनदा फिरवली आणि माशांची रिकामी काचेची टाकी आडवी करून तिच्यात चिरली. आत पिवळसर भुकटी, नुसत्या श्वासाने उडेल इतकी बारीक.

मीडियम अर्ध्या ताकदीचं एमएस (मुराशिगे-स्कूग, रोपांच्या क्षारांचं तयार मिश्रण), लिटरला साखर २० ग्रॅम, घट्ट होण्यासाठी अगार ८ ग्रॅम, पीएच ५.७, कुकरमध्ये २० मिनिटं. (पहिली बॅच घट्टच झाली नव्हती, पीएच फार खाली गेला होता, ती फेकली.) बारा जॅमच्या बाटल्या भरल्या, पाचांत बुरशी आली, सातांत सहा आठवड्यांनी हिरवे मणी दिसले, मोहरीहूनही बारीक, काहींना तर वर टोक फुटलेलं. रोज सकाळी उठल्यावर आधी तेच बघायचो.

आता तीन महिने झालेत आणि चार बाटल्यांत मणी खालून तपकिरी व्हायला लागलेत, भोवतीचं अगारही चहासारखं झालंय, बुरशी मात्र कुठेच नाही. बाटल्या पूर्वेच्या खिडकीत पडद्याआड आहेत, ऊन थेट येत नाही पण दुपारी खोली तापते.

मला वाटतं फिनॉल (रोपातून झिरपणारी, तपकिरी पडणारी द्रव्यं) सुटतंय, दाटीही फार झालीये. तर आता ताज्या मीडियमवर हलवू का अजून थांबू? ती शोषून घ्यायला ॲक्टिव्हेटेड चारकोल लिटरला १ ग्रॅम पुरे का २? एमएसमध्ये अमोनियम जास्त म्हणून नुडसन सी (आमरीच्या बियांसाठीचं दुसरं मीडियम) वर टाकलं तर कसं? शहाळ्याचं पाणी घालणारे किती घालता, आणि ते कुकरच्या आधी की नंतर?

ज्यांनी घरच्या घरी केलंय त्यांनी प्लीज सांगा, तो आंबा आता तिथे नाही, दुसरी शेंग अजून फणसावरच्या वेणीला आहे, पण ती मी पिकू देतोय. उरलेल्या तीन बाटल्या उद्याच हलवायच्या का तेवढं तरी आधी कळवा.